गीता ३.११-१२ : रजा कोणाच्या मालकीची?



आजचं वाचन भगवद्गीतेच्या तिसऱ्या अध्यायातले अकरावा आणि बारावा श्लोक. सोपा अर्थ असा, की यज्ञाने तुम्ही देवांना पोसा, देव तुम्हाला पोसतील आणि एकमेकांना पोसत दोघांचंही भलं होईल. लगेच पुढच्या श्लोकात भगवंत जरा कडक होतात. देवांनी दिलेलं घेऊन त्यांना काहीच परत न देता जो एकटाच उपभोगतो, तो चोर आहे, असं म्हणतात. चोर हा शब्द मूळ श्लोकातच आहे, मी घातलेला नाही.

हे श्लोक मी याआधी दहा-बारा वेळा तरी वाचले असतील. दरवेळी पाऊस, अन्न, निसर्ग, प्रदूषण असा काहीतरी विचार करून पुढे गेलो. या वेळी दोन दिवस इथेच अडकलो, कारण परवा माझ्याकडे एक रजेचा अर्ज आला. एका दिवसाचा. कारणाच्या रकान्यात फक्त ‘वैयक्तिक’.

अर्ज कोणाचा आहे ते कळायला थोडं मागे जावं लागेल.

गेल्या वर्षी श्रावणात आमच्या टीममधल्या एका मुलीने सोमवारी सकाळी मला मेसेज केला. तिची मावशी नांदेडला सीरियस होती, तिला आठवडाभर जायचं होतं. शुक्रवारी रात्री आमचं रिलीज होतं. पेमेंटचा जो भाग तिने लिहिला होता, तो तिच्याशिवाय कोणाला नीट माहीत नव्हता. मी तिला म्हणालो, “अगं, रिलीज होऊ दे, शनिवारी सकाळी निघ. मग आठवडा काय, दहा दिवस राहा.” मला वाटलं मी फार समजूतदारपणे बोललो. दहा दिवस देऊ केले होते ना! ती “ओके सर” म्हणाली. गुरुवारी दुपारी तिला फोन आला. रात्रीच्या ट्रॅव्हल्सने ती निघाली, सकाळी पोहोचली. मुखदर्शन झालं. बोलणं नाही झालं.

तिची आई ती चार वर्षांची असताना गेली होती. मावशीनेच तिला वाढवलं, शिकवलं, इंजिनिअरिंगची फी भरली. हे मला तिच्याकडून नाही कळलं. टीममधल्या दुसऱ्या एकाने नंतर चहाच्या टपरीवर सांगितलं.

पुढची गोष्ट अजून वाईट आहे. आमच्या सिस्टीममध्ये घरात कोणी गेलं तर तीन दिवसांची वेगळी रजा मिळते. अर्ज भरताना ‘नातं’ म्हणून एक ड्रॉपडाउन येतो. त्यात आई, वडील, पती किंवा पत्नी, अपत्य, भाऊ, बहीण एवढेच पर्याय आहेत. मावशी ‘इतर’मध्ये येते आणि ‘इतर’ निवडलं की रजेचा आकडा शून्य होतो. तिने गुपचूप स्वतःच्या पीएलमधून तीन दिवस टाकले आणि चौथ्या दिवशी नांदेडहूनच लॉगिन केलं. माझ्याबद्दल एक शब्द बोलली नाही, आजपर्यंत नाही. ती चिडली असती तर बरं झालं असतं, असं मला आजही वाटतं.

माय मरो आणि मावशी जगो, असं आपण सहज म्हणतो. ज्यांच्या भाषेत ही म्हण आहे, त्यांनी बनवलेल्या सॉफ्टवेअरमध्ये मावशीला जागा नाही. आणि हो, असल्या ड्रॉपडाउनचं काम मीही केलंय, दुसऱ्या एका क्लायंटसाठी. तेव्हा रिक्वायरमेंटमध्ये जे आलं ते टाईप केलं. यशोदेला कुठे बसवायचं हा प्रश्न मला तेव्हा पडला नाही. देवकी बसली असती यादीत. यशोदा ‘इतर’.

तर प्रश्न असा आहे : घरचं माणूस आजारी असताना, कोणी जन्माला येताना किंवा जाताना नोकरी देणाऱ्याने माणसाला सोडणं, हे नक्की काय आहे? उपकार आहे? करार आहे? की ते त्याचं देणं आहे?

आधी करार बघू, कारण तो मोजता येतो. आपल्याकडे बाळंतपणाच्या रजेचा कायदा १९६१ पासून आहे. २०१७ मध्ये त्यात दुरुस्ती झाली आणि पहिल्या दोन मुलांसाठी भरपगारी रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवडे झाली. तीन महिन्यांपेक्षा लहान बाळ दत्तक घेणाऱ्या आईला १२ आठवडे मिळायला लागले. पन्नास किंवा जास्त लोक असतील तिथे पाळणाघराची सोय करायची आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाऊ द्यायचं, हेही त्यातच आहे. मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो त्यातला एक जुना मुद्दा. ती रजेवर असताना तिला काढून टाकता येत नाही, आणि तिच्या नोकरीच्या अटी तिचा तोटा होईल अशा बदलताही येत नाहीत. म्हणजे रजा देणं एवढंच पुरेसं नाही, तिची जागा होती तशी राखून ठेवायची.

केंद्र सरकारच्या नोकरीत बाबांना १५ दिवसांची पितृत्व रजा आहे. तिथे महिला कर्मचाऱ्यांना पूर्ण नोकरीत मिळून ७३० दिवसांपर्यंत बालसंगोपन रजाही आहे. खासगी कंपनीतल्या बापाला कायद्याने काहीच नाही, कंपनीच्या मनात असेल ते. महाराष्ट्रातल्या दुकाने आणि आस्थापनांच्या २०१७ च्या कायद्यात वर्षाला आठ दिवस नैमित्तिक रजा आहे, शिवाय दर वीस दिवस काम केल्यावर एक दिवस अर्जित रजा. ती ४५ दिवसांपर्यंत साठवता येते. ठीक आहे.

पण आजारी आईवडिलांजवळ बसायला? कोणी गेलं तर? खासगी नोकरीत त्यासाठी वेगळी रजा द्यायलाच हवी, असं आपल्या या कायद्यांत कुठेही नाही. आणि गंमत बघा, २००७ मध्ये आपण ज्येष्ठ नागरिकांसाठी कायदा केला. त्यात आईवडिलांना सांभाळणं ही मुलांची कायदेशीर जबाबदारी आहे, न सांभाळल्यास न्यायाधिकरण महिन्याला दहा हजारांपर्यंत निर्वाहभत्ता द्यायला लावू शकतं. म्हणजे मुलाने सांभाळलंच पाहिजे, हे कायदा सांगतो. त्या मुलाला त्यासाठी ऑफिसने सोडलं पाहिजे, हे कायदा सांगत नाही. पैसे पाठव, एवढाच त्याचा अर्थ उरतो.

आमच्या अमेरिकेतल्या क्लायंटकडे एक जण आहे. तो एकदा आईच्या कॅन्सरच्या ट्रीटमेंटसाठी बारा आठवडे गायब झाला. मी विचारलं तर तिथले लोक म्हणाले, एफएमएलए. तो तिथला १९९३ चा कायदा आहे. पन्नासपेक्षा कमी लोकांच्या खासगी कंपनीला तो लागू नाही, वर्षभर नोकरी आणि त्या वर्षात १२५० तास काम झालेलं असावं लागतं आणि रजा बिनपगारी असते. सासूसासरे त्यात येत नाहीत. म्हणजे फार उदार वगैरे कायदा नाही. पण त्यात ‘आईवडील’ म्हणजे कोण, याची व्याख्या करताना एक वाट मोकळी ठेवली आहे. रक्ताचं नातं नसलं तरी लहानपणी ज्याने तुम्हाला आईवडिलांच्या जागी राहून वाढवलं, तो तुमचा पालकच धरला जातो. हे वाचलं त्या रात्री मी लॅपटॉप बंद करून बसलो. आपण ज्यांना आत्ममग्न वगैरे म्हणतो, त्यांच्या कायद्यात माझ्या टीममधल्या मुलीची मावशी बसते. आमच्या ड्रॉपडाउनमध्ये नाही.

आता उपकार. मी स्वतः उपकार घेतलेला माणूस आहे. २०१८ मध्ये बाबांना कराडला पक्षाघाताचा झटका आला. मी तेव्हा आधीच्या कंपनीत होतो. माझ्या खात्यात १९ दिवस रजा होती आणि मी साडेसहा आठवडे तिकडे राहिलो. माझे तेव्हाचे मॅनेजर फोनवर एवढंच म्हणाले, “तू जा, इकडचं मी बघतो.” तीन आठवडे माझ्या ऐवजी ते स्वतः रात्रीच्या ऑन-कॉलला बसले. पंचेचाळीस वर्षांचा माणूस, दोन मुलांचा बाप, रात्री तीनला उठून माझे अलर्ट बघायचा.

आपल्या परंपरेत सेना महाराजांची कथा आहे. सेना न्हावी पूजेत बसलेले असताना राजाचं बोलावणं आलं, ते उठले नाहीत. मग पांडुरंगच त्यांचं रूप घेऊन, त्यांची धोकटी उचलून राजाच्या सेवेला गेला. महिपतींनी भक्तविजयात ही कथा सांगितली आहे. ती ऐकताना लहानपणी मला चमत्कार तेवढा दिसायचा, तेलाच्या वाटीत राजाला देव दिसतो तो. आता दिसतं ते असं, की देवाने सेनाची शिफ्ट केली. नुसतं “जा बाबा, मी समजू शकतो” म्हणाला नाही, धोकटी उचलली. माझे ते मॅनेजर मला आजही तसेच आठवतात.

पण उपकाराची एक अडचण आहे. तो करणारा माणूस चांगला असावा लागतो. त्या मजल्यावर माझ्या जागी पलीकडच्या टीममधला कोणी असता, तर त्याला तेच साडेसहा आठवडे मिळाले नसते, हे मला नक्की माहीत आहे. आणि मला मिळाले तेही पूर्ण नाही मिळाले. त्या वर्षीच्या अप्रेझलमध्ये माझं रेटिंग एक पायरी खाली आलं. मॅनेजरांनी वर भांडून बघितलं, पण वरून आलेला शब्द होता ‘अव्हेलेबिलिटी’. रजा दिली आणि मागच्या दाराने तिची किंमत घेतली. बाळंतपणाच्या कायद्यात अटी बदलायला बंदी का आहे, ते मला त्या दिवशी कळलं. दयेवर मिळालेल्या रजेला असलं कुठलं संरक्षण नसतं.

म्हणून मी पुन्हा आजच्या श्लोकांकडे येतो. माउलींनी इथे यज्ञाचा अर्थ लावताना स्वधर्माचं आचरण हाच यज्ञ असं सांगितलंय. समिधा, तूप, कुंड यात ते अडकत नाहीत. तेव्हा मी थोडं धाडस करून हा श्लोक ऑफिसमध्ये नेतो. शास्त्र्यांनी रागावू नये. श्लोक देवांबद्दल आहे, एचआरबद्दल नाही, एवढं मला कळतं.

कंपनी काय घेते? आम्ही म्हणतो, आठ तास घेते. पण ते आठ तास कुठून आले? नांदेडच्या एका बाईने स्वतःचं मूल नसलेल्या मुलीला रात्री उठून पाणी दिलं, तापात तिच्या कपाळावर पट्ट्या ठेवल्या, पोस्टातलं आरडी मोडून फी भरली. बावीस वर्षं. त्यातून एक इंजिनिअर तयार झाली आणि कंपनीने ती ‘हायर’ केली. कंपनीने पगार दिला, तो त्या मुलीला दिला. मावशीला कोणी काय दिलं? आमच्या सगळ्या कोडच्या खाली ओपन सोर्स लायब्ररी असतात ना, कुठल्यातरी अनोळखी माणसाने फुकट लिहिलेल्या, तशी ती बाई आमच्या पेमेंट मॉड्यूलच्या खाली होती. फरक एवढाच की लायब्ररीचं लायसन्स आम्ही वाचतो.

अशा वेळी मावशी आजारी पडली आणि त्या मुलीने सात दिवस मागितले, तर ती कंपनीच्या खिशातून काही मागत होती का? माझ्या मते नाही. कंपनीने जिथून घेतलं होतं तिथे थोडं परत जाऊ द्या, एवढंच ती म्हणत होती. ते अडवून धरणाऱ्याला बाराव्या श्लोकात जो शब्द आहे, तो त्या सोमवारी मला लागू होत होता. हे लिहायला दोन दिवस लागले त्याचं कारण हेच.

कोणी म्हणेल, हे सगळं आजचं, पाश्चात्य हक्कांच्या भाषेतलं आहे, आपल्याकडे सेवकाने सेवा करायची. तसं नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात कामगारांवर एक प्रकरण आहे. वेतन घेऊन काम न करणाऱ्याला दंड सांगितलाय, कौटिल्य काही भोळा नव्हे. पण लगेच पुढे सूट आहे : तो आजारी असेल, संकटात असेल तर त्याला सवलत मिळावी, किंवा त्याने ते काम दुसऱ्याकडून करून घ्यावं. आणि राजाच्या सेवकांच्या वेतनाबद्दल जिथे लिहिलंय तिथे तो म्हणतो, कामावर असताना मेलेल्याच्या बायकामुलांना अन्न-वेतन मिळावं आणि सेवकांच्या घरी मृत्यू, आजारपण, बाळंतपण असेल तेव्हा राजाने पैसा आणि मान देऊन त्यांच्या पाठीशी राहावं. नेमके हे तीनच प्रसंग. आपल्या एचआरच्या पॉलिसीतही शेवटी हेच तीन उरतात. शुक्रनीतीत तर सेवकाला वर्षाला पंधरा दिवस रजा आणि आजारपणात वेतनाचा भाग असे हिशेबही आहेत. मात्र तो ग्रंथ बऱ्याच नंतरचा, काही अभ्यासकांच्या मते थेट एकोणिसाव्या शतकातला आहे. त्यामुळे ‘आमच्या पूर्वजांनी हजारो वर्षांपूर्वी’ असं म्हणून तो कोणी फॉरवर्ड केला तर जरा जपून.

कौटिल्याने ‘पैसा आणि मान’ असं दोन्ही म्हटलंय, ते मला विशेष वाटतं. पैसा कळतो. मान म्हणजे काय? मला वाटतं मान म्हणजे माणसाला पुरावा मागत न बसणं. त्या मुलीला मी विचारलं होतं, “सीरियस म्हणजे किती सीरियस?” आता तो प्रश्न आठवला की कानशिलं गरम होतात. तिने काय उत्तर द्यायचं होतं? गुरुवारपर्यंत टिकेल की नाही, याचा एस्टिमेट?

आता दुसरी बाजू, कारण ती नाही मांडली तर हे भजन होईल, विचार नाही.

माझा एक मित्र नाशिकला छोटी कंपनी चालवतो. अकरा माणसं. त्याच्याकडची एक अकाउंटंट बाळंतपणाच्या रजेवर गेली. सव्वीस आठवड्यांचा तिचा पगार आणि तिच्या जागी आणलेल्या माणसाचा पगार, दोन्ही त्याच्याच खिशातून. त्याने दिलं, कुरकुर न करता दिलं. पण पुढच्या वेळी मुलाखती घेताना मनात काय येतं तेही त्याने मला प्रामाणिकपणे सांगितलं. तो वाईट माणूस नाही. पगार २१,००० पर्यंत असेल तर ईएसआयमधून बाळंतपणाचा लाभ मिळतो, म्हणजे ओझं सगळ्यांनी मिळून थोडं थोडं भरलेल्या निधीवर जातं. त्याच्या वरच्या पगाराला सगळं ओझं एकट्या मालकावर. मला हे बरोबर वाटत नाही. मूल समाजाचं असेल, तर वर्गणी एकट्याची का? ‘एकमेकांना पोसा’ या वाक्यात फक्त दोघेच जण नाहीत, सगळी व्यवस्था आहे. पण म्हणून मित्राच्या मनात जे येतं ते योग्य ठरत नाही. निधी नाही हा सरकारचा दोष, आणि त्याची शिक्षा मुलाखतीला आलेल्या मुलीला.

दुसरी अडचण टीममधली. एक जण रजेवर गेला की काम कोणाकडे जातं? बहुतेक वेळा ज्याचं लग्न झालेलं नाही त्याच्याकडे. “तुला काय, घरी वाट बघणारं कोण आहे?” हे वाक्य मी ऐकलंय आणि, खरं सांगायचं तर, एकदा बोललोही आहे. मग रजेवर गेलेल्याला अपराधी वाटतं, काम करणाऱ्याला वापरल्यासारखं वाटतं आणि नोकरी देणारा मात्र मधल्या मध्ये उदार ठरतो. देवाने सेनाचं काम स्वतः केलं होतं. दुसऱ्या कुठल्या न्हाव्याला फुकट राबवलं नव्हतं.

खोट्या रजा असतात, त्याही सांगतो. एका मुलाची आजी माझ्या हिशेबाने तीनदा वारली. एकमेकांना पोसायचं म्हणजे दोन्हीकडून. रजेवर आहे म्हणून सांगून दुसऱ्या कंपनीची मुलाखत देणारा, हँडओव्हर न करता फोन बंद करणारा, तोही बाराव्या श्लोकातून सुटत नाही. पण तीन आज्या मारणाऱ्याच्या रागात आपण खऱ्या मावशीला अडवतो, हे मी स्वतःच्या बाबतीत बघितलंय. त्या सोमवारी माझ्या डोक्यात कुठेतरी तो मुलगा होता.

आता माझा मुख्य मुद्दा, आणि तो इंजिनिअरचा आहे. त्या आठवड्यात मी तिला का सोडू शकलो नाही? कारण पेमेंटचा भाग तिला एकटीलाच माहीत होता. हा दोष कोणाचा? आम्ही सर्व्हर एकटा ठेवत नाही. डेटाबेसची दुसरी प्रत दुसऱ्या शहरात ठेवतो, एक बंद पडला तर दुसरा आपोआप उभा राहावा म्हणून पैसे मोजतो. यंत्र बंद पडणार, हे आम्ही गृहीत धरतो. माणसाची मावशी आजारी पडणार, हे मात्र गृहीत धरत नाही. ते ‘अचानक आलं’ असं म्हणतो. जन्म, आजार, मृत्यू यांच्यापेक्षा नक्की येणारी गोष्ट कोणती आहे? गीता रोज वाचणाऱ्या माणसाला हे कोणी सांगायला नको होतं. एका माणसाच्या नसण्याने रिलीज अडत असेल, तर ती अडचण त्या माणसाने निर्माण केलेली नसते. महिनोन्‌महिने आधी, दुसऱ्या कोणाला ते काम न शिकवून, मी ती निर्माण केली होती. आणि किंमत भरायला सांगितली तिला.

म्हणून माझ्यापुरतं उत्तर असं येतं, की मालकाचं देणं रजेचा अर्ज आल्यावर सुरू होत नाही. ते त्याच्या खूप आधी सुरू होतं, अर्ज आला तर ‘हो’ म्हणता येईल अशी कामाची मांडणी करण्यापासून. ज्याने ती केलीच नाही, त्याला ऐन वेळी ‘नाही’ म्हणायला खरंखुरं कारण मिळतं. माझं कारण खरं होतं. रिलीज खरंच अडलं असतं. तरीही मी चूक होतो.

जनाबाईचं नाव इथे टाळता येत नाही. नामदेवांच्या घरी ती दासी. संतांचंच घर, पण जात्यावरून तिची सुटका कोणी केली अशी कथा नाही. देव येऊन दळू लागला, अशी आहे. आपण भक्तीने ऐकतो आणि डोळे पुसतो. पण कधीतरी असंही वाटतं, की घरातल्या कोणीतरी एक दिवस म्हणायला हवं होतं, जने, आज राहू दे. माणसांनी आपलं काम केलं नाही म्हणून देवाला खाली बसावं लागलं. हा माझा विचार आहे, पटला नाही तर सोडून द्या.

आणि पुंडलिक. ही गोष्ट आपल्याला नेहमी मुलाच्या बाजूने सांगितली जाते : बघा, आईवडिलांची सेवा किती मोठी. गेले दोन दिवस मी ती दुसऱ्या बाजूने वाचतोय. दारात जो आला होता, त्याच्याहून मोठा मालक कोण? त्याच्यासाठी सगळं टाकून उठायला हवं, असंच कोणीही म्हणालं असतं. पुंडलिकाने वळून बघितलं, वीट फेकली आणि थांबायला सांगितलं. देवाने विचारलं नाही, किती वेळ लागेल. आईवडील किती आजारी आहेत, विचारलं नाही. हात कमरेवर ठेवले आणि उभा राहिला. आषाढीला आपण ज्याच्या दर्शनाला जातो, ते त्याचं थांबलेलं रूप आहे. आमच्याकडची बरीच मुलं आळंदी ते पुणे आयटी दिंडीत चालतात, मीही दोनदा चाललोय. टाळ वाजवत त्या थांबलेल्या देवाचं नाव घेतलं आणि सोमवारी येऊन एका मुलीला म्हणालो, शनिवारपर्यंत थांब.

दुसऱ्या अध्यायातला तो सत्तेचाळिसावा श्लोक मॅनेजर लोकांना फार आवडतो, काम करा, फळाचं बघू नका, असा अर्थ काढून ते तो प्रेझेंटेशनमध्ये लावतात. तिसऱ्या अध्यायातला बारावा कोणी लावलेला मी पाहिला नाही.

परवाचा अर्ज तिचाच होता, हे तुमच्या लक्षात आलं असेल. एक दिवस, कारण वैयक्तिक. मी पंचांग बघितलं. मावशीचं वर्षश्राद्ध तिथीने या गुरुवारी येतं. शुक्रवारी पुन्हा रिलीज आहे, हा योगायोग की काय ते पांडुरंगालाच माहीत. एचआरला मी ड्रॉपडाउनबद्दल मेल केलाय, ‘ज्यांनी वाढवलं ते’ असा एक पर्याय घाला म्हणून. उत्तर आलं की पुढच्या पॉलिसी रिव्ह्यूमध्ये बघू. बघू.

अर्ज मंजूर केला आणि एकाच्या जागी तीन दिवस घे म्हणून तिला फोन केला. ती म्हणाली, नको सर, एक पुरे, मी सगळं लिहून ठेवलंय. अर्जासोबत तिने एक शीट जोडली होती. गुरुवारी कुठला भाग कोण बघणार, काय अडलं तर कोणाला विचारायचं, सगळं नीट. हे काम माझं होतं, ते तिने करून ठेवलं होतं. शेवटच्या ओळीत रात्रीच्या ऑन-कॉलसमोर माझं नाव होतं, पुढे प्रश्नचिन्ह.

प्रश्नचिन्ह काढून टाकलं. गुरुवारी रात्री जागा आहे, त्यामुळे शुक्रवारचं वाचन उशिरा येईल.

उद्या तेरावा श्लोक. राम कृष्ण हरी.